हेर्मान गेरलांड : बायर्नच्या दुसऱ्या खुर्चीवरचा 'वाघ'

बारावा_गडी (धागाकर्ता)

१३ जुलै २०१४. रिओच्या माराकाना मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना. अर्जेंटिनासमोर उतरलेल्या जर्मनीच्या अकरा जणांत पाच नावं अशी होती: लाम, श्वाइनश्टायगर, म्युलर, हुमेल्स, क्रोस. हे पाचही जण पोरवयात बायर्न म्युनिकच्या दुसऱ्या संघाकडून खेळलेले. क्रोस मोजकेच सामने, बाकीचे चांगले घोटून निघालेले. आणि पाचही जणांच्या वेळी त्या संघाचा प्रशिक्षक एकच माणूस होता.

हेर्मान गेरलांड. बरेच दिवस त्याच्यावर लिहीन लिहीन म्हणत होतो. आपल्याकडचे फुटबॉलचे धागे मेस्सी-रोनाल्डोपाशी सुरू होतात आणि तिथेच भांडून बंद पडतात, म्हणून हे जरा आडवाटेचं. (वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचा माणूस, पण खेळाडूला 'अहो' म्हणायची आपली पद्धत नाही, तेव्हा एकेरीच लिहितो.)

जन्म ४ जून १९५४, बोखुम. रूअर खोरं, म्हणजे कोळसा आणि पोलाद. बोखुममधली शेवटची कोळसा खाण १९७३ मध्ये बंद झाली आणि गेरलांड त्याच्या आदल्याच वर्षी गावच्या क्लबात, फाउएफएल बोखुममध्ये, मोठ्या संघात आला होता. हा क्लब १९७१ मध्ये बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत, चढला. पैसा नाही, मोठी नावं नाहीत. दरवर्षी लोक म्हणायचे, यंदा हे खाली जाणार. ते जायचेच नाहीत. थेट १९९३ पर्यंत टिकून राहिले. जर्मन लोकांनी त्यांना नावच पाडलं होतं, 'न घसरणारे'. १९७६ मध्ये याच बोखुमने घरच्या मैदानावर बायर्नविरुद्ध ४-० अशी आघाडी घेतली होती आणि सामना ५-६ असा हरला. जर्मनीत आजही तो सामना लोक सांगतात.

गेरलांड बचावपटू. १९७२ ते १९८४, बारा वर्षं, एकच क्लब. बुंडेसलिगाचे २०४ सामने, गोल ४. जर्मनीच्या मुख्य संघात एकदाही नाही. टोपणनाव 'टायगर', आणि ते काही नजाकतीमुळे पडलेलं नव्हतं.

खेळ थांबल्यावर १९८६ मध्ये बोखुमचाच मुख्य प्रशिक्षक झाला. मे १९८८ मध्ये संघाला जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. बर्लिनमध्ये आइनट्राख्ट फ्रांकफुर्टविरुद्ध ८१ व्या मिनिटाला हंगेरीच्या लायोश देतारीने फ्री किकवर गोल मारला, १-०, संपलं. त्यानंतर न्यूर्नबर्ग. मग १९९० मध्ये बायर्नच्या दुसऱ्या संघाचं काम. पाच वर्षांनी पुन्हा मुख्य प्रशिक्षकपदाची हौस : परत न्यूर्नबर्ग, बर्लिनचा टेनिस बोरुसिया, बीलेफेल्ड, उल्म. २००१ मध्ये पुन्हा बायर्नचा दुसरा संघ. एप्रिल २००९ मध्ये बायर्नने मुख्य प्रशिक्षक क्लिन्समनला काढल्यावर हाइन्केस पाच सामन्यांपुरता आला तेव्हा गेरलांडला त्याचा साहाय्यक म्हणून वर बोलावलं. तिथून पुढे व्हान गाल, हाइन्केस, ग्वार्डिओला, आन्चेलोत्ती, परत हाइन्केस, आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून फ्लिक. मुख्य प्रशिक्षक आले आणि गेले, बाकावर शेजारी हा बसलेलाच. २०१३ आणि २०२०, दोन्ही वर्षी बायर्नने लीग, चषक आणि युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग अशी तिहेरी कमाई केली, दोन्ही वेळी हा साहाय्यक. २०२१ मध्ये बायर्न सोडून जर्मनीच्या २१ वर्षांखालील संघाकडे गेला, तिथेही आन्तोनिओ दि साल्व्होचा साहाय्यक म्हणूनच.

माझं म्हणणं एवढंच की साहाय्यक ही मुख्य प्रशिक्षकाच्या वाटेवरची धर्मशाळा नाही, तो वेगळा हुन्नर आहे. गेरलांडला तो उशिरा सापडला. तुम्हाला काय वाटतं?

मोरपीस

मस्त लिहिलंय. पण आमच्यासारख्या चार वर्षांतून एकदा फुटबॉल बघणाऱ्यांसाठी सांगा ना, हा 'दुसरा संघ' म्हणजे काय? राखीव खेळाडू का? आणि साहाय्यक नक्की करतो काय? टीव्हीवर तर तो नुसता वही घेऊन बसलेला दिसतो.

बारावा_गडी

मोरपीस, राखीव म्हणजे बाकावरचे, ते वेगळे. बायर्नचा दुसरा संघ हा जवळजवळ स्वतंत्र संघच असतो. खालच्या श्रेणीत, दुसऱ्या गावांच्या मोठ्या माणसांच्या क्लबांशी खऱ्या गुणांसाठी खेळतो. बहुतेक खेळाडू तेवीसच्या आतले. गंमत म्हणजे त्यांना एका मर्यादेपलीकडे वर जाता येत नाही. २००४ मध्ये गेरलांडच्या पोरांनी तेव्हाची तिसरी श्रेणी, रेगिओनाललिगा झ्यूड, जिंकली. दुसरा कुठलाही क्लब असता तर दुसऱ्या बुंडेसलिगात गेला असता. यांना परवानगीच नाही, पुढच्या वर्षी परत तिथेच. म्हणजे संघ जिंकूनही कुठे पोचत नाही, पोचली तर एकेकटी पोरंच पोचतात.

साहाय्यकाचं काम मुख्य प्रशिक्षक कसा आहे त्यावर ठरतं. कुणी सरावाचे भाग वाटून देतो, कुणी समोरच्या संघाचा अभ्यास, कुणी कॉर्नर आणि फ्री किक. सराव संपल्यावर एखाद्याला थांबवून डावा पाय, हेडर असं वेगळं घोटून घेणं हेही बहुधा त्याच्याकडे. आणि एक काम कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. ज्याला अकरातून वगळलंय त्याच्याजवळ जाऊन बसायचं.

शंकासूर

लेख छान, पण आरती जरा जास्त झाली.

मुख्य प्रशिक्षक म्हणून या माणसाचं प्रगतिपुस्तक तुम्ही दोन ओळींत उरकलंत, ते का ते कळतंय. न्यूर्नबर्गने पहिल्या खेपेला काढलं. दुसऱ्या खेपेला अर्ध्यातच गेला आणि त्याच मोसमात, १९९६ मध्ये, क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. न्यूर्नबर्ग! नऊ वेळा जर्मनीचा विजेता झालेला क्लब. बीलेफेल्ड २००० मध्ये त्याच्याच हाताखाली बुंडेसलिगातून खाली गेला. मग 'हुन्नर सापडला' म्हणायचं की मोठं काम झेपलं नाही म्हणून धाकटं धरलं? आपल्या कचेऱ्यांतही असे असतात, साहेब व्हायला गेले, जमलं नाही, पुन्हा जुन्या टेबलावर येऊन बसले. त्यांच्यावर कुणी धागे काढत नाही.

दुसरं. लाम आणि श्वाइनश्टायगर गेरलांडने 'घडवले' हे कितपत खरं? लाम वयाच्या अकराव्या वर्षी, १९९५ मध्ये, गेर्न या मोहल्ल्यातल्या क्लबातून बायर्नकडे आला. श्वाइनश्टायगर १९९८ मध्ये. गेरलांड २००१ मध्ये परतला तेव्हा ही पोरं सतरा-अठराची होती. मधल्या सहा वर्षांतल्या प्रशिक्षकांची नावं सांगा बघू. कळसावर झेंडा लावणाऱ्याचा फोटो येतो, पायातले दगड कुणी मोजत नाही.

रंकाळ्याकाठी

शंकासूर भावा, तालमीत कधी गेला नाहीस वाटतं.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ कुणाच्या नावाने आहेत बघ. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. कुस्ती आणि फुटबॉल एकाच आखाड्यातनं उठलेले. तालमीत पोरगं येतं ते घरनं खुराक खाऊन, गावात चार कुस्त्या मारूनच येतं. वस्ताद त्याला जन्माला घालत नाही. पण सतरा ते वीस हे वय असं असतंय की नुसता जोर असून भागत नाही. गडी एकतर पैलवान होतो नाहीतर गल्लीत मिशा पिळत बसतो. त्या टायमाला वस्ताद लागतोय. आणि वस्ताद स्वतः हिंदकेसरी असायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

गेरलांड लई भारी माणूस वाटतोय. अजून लिवा.

आकडेबहाद्दर

शंकासूर यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी सहमत, पहिल्याशी नाही.

दुसऱ्याला पुरवणी : २००० च्या युरो स्पर्धेत जर्मनी गटात तळाला राहिला, एकही सामना जिंकला नाही. पोर्तुगालने ३-० असं धुतलं. त्यानंतर जर्मन संघटनेने बुंडेसलिगाच्या सगळ्या क्लबांना युवा अकादमी सक्तीची केली आणि देशभर प्रशिक्षण केंद्रं काढली. २०१४ चं श्रेय त्या यंत्रणेला आहे. गेरलांड नसता तर म्युलर झाला नसता असं नाही.

पण मग लामची गोष्ट बघा. ती यंत्रणेने सुटत नाही. २००३ मध्ये लाम एकोणीस वर्षांचा. बायर्नकडे उजवीकडे सान्योल, डावीकडे लिझाराझू. फ्रान्सचे दोघे, जागा रिकामी होण्याची शक्यताच नाही. गेरलांडने या पोराला भाड्याने घ्या म्हणून बुंडेसलिगाच्या प्रशिक्षकांकडे शब्द टाकायला सुरुवात केली. कुणालाही नको होता. उंची १ मीटर ७०, बचावपटू म्हणून हे काय ध्यान, असाच सूर. शेवटी श्टुटगार्टच्या फेलिक्स मागाटने घेतला. तिथेही उजवीकडे हिंकेल होता, म्हणून लामला डावीकडे टाकलं. पायाने उजवा असलेला गडी डाव्या बाजूला! ऑक्टोबर २००३ मध्ये श्टुटगार्टने चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडला २-१ असं हरवलं तेव्हा लाम मैदानावर होता. फेब्रुवारी २००४ मध्ये तो जर्मनीकडून खेळला. २००६ च्या विश्वचषकातला पहिला गोल त्याचा, डावीकडून आत येऊन उजव्या पायाने. २०१४ मध्ये चषक उचलणारा कर्णधार तोच.

अकादम्या शेकड्याने पोरं तयार करतात. त्यातल्या एकासाठी दारोदार फिरणं हे यंत्रणेच्या कुठल्या रकान्यात बसतं?

बारावा_गडी

आकडेबहाद्दर, हे मी मूळ लेखात घालायला हवं होतं, राहिलं.

याच्या जोडीला म्युलर. ऑगस्ट २००८ मध्ये क्लिन्समनने त्याला हांबुर्गविरुद्ध पहिल्यांदा उतरवलं, पण त्या मोसमात तो जास्त करून गेरलांडकडेच, नव्याने सुरू झालेल्या तिसऱ्या लीगमध्ये खेळत होता. हॉफनहाइम त्याला न्यायला तयार होतं आणि बायर्नमध्येही सोडावं असं वाटणारे होते. गेरलांड आडवा पडला. पुढच्या मोसमात व्हान गाल आला, शेजारी गेरलांड. व्हान गालने म्युलर आणि होल्गर बाडश्टूबर या दोन पोरांना सरळ पहिल्या अकरात घेतलं. मे २०१० मध्ये माद्रिदला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. इंटर मिलानकडून ०-२ हरले, पण सुरुवातीच्या अकरांत लाम, श्वाइनश्टायगर, बाडश्टूबर, म्युलर असे चार जण दुसऱ्या संघातून आलेले.

व्हान गाल नवखा, परका, आल्या आल्या त्याला कोण सांगणार की हा काटकुळा, विचित्र धावणारा पोरगा ठेवून घे म्हणून? जो त्याला आठवड्यात पाच दिवस बघत आलाय तोच. साहाय्यक म्हणजे क्लबची स्मरणशक्ती, असं मला यात दिसतं.

शंकासूर

स्मरणशक्ती वगैरे ठीक. पण तुमचाच मुद्दा घ्या : म्हणजे गेरलांडची किंमत त्याला बायर्नची पोरं माहीत होती म्हणून. उद्या त्याला डॉर्टमुंडला नेलं असतं तर शून्य. हुन्नर कसला मग, ती तर ओळखपाळख.

ईझारकाठची

बरेच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठीच.

आम्ही २००६ पासून म्युनिकमध्ये. सुरुवातीला बायर्नची तिकिटं मिळायची नाहीत आणि परवडायचीही नाहीत. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी सांगितलं, तुम्ही ग्र्युनवाल्डर स्टेडियमला जा, दुसरा संघ तिथे खेळतो, फुटबॉल तोच आहे, फक्त गर्दी नाही. गीझिंग भागात आहे, यू-वन मेट्रो घ्यायची आणि वेटरश्टाइनप्लात्झला उतरायचं. जुनं मैदान. बायर्न आणि १८६० म्युनिक, दोघंही १९७२ मध्ये ऑलिंपिक स्टेडियममध्ये जाईपर्यंत तिथेच खेळायचे. बायर्नचं सरावाचं ठिकाण, झेबनर श्ट्रासे, तिथून चालत जाता येईल एवढं जवळ.

गर्दी नसल्याचा फायदा म्हणजे सगळं ऐकू यायचं. गेरलांड कडेला उभा राहून सबंध वेळ बोलत असायचा. माझं जर्मन तेव्हा दुकानात भाजी मागण्यापुरतं, त्यात त्याची बोली रूअरकडची. शेजारी बसलेले बव्हेरियन आजोबा ती ऐकून हसायचे, जसं पुण्यात कुणी अस्सल वऱ्हाडी बोलायला लागलं की लोक उगाच हसतात तसं. मी एकदा त्यांना विचारलं की हा एवढा कुणावर चिडलाय? आजोबा म्हणाले, ज्याच्यावर ओरडतोय त्याचं नशीब उघडणार, ज्याच्याशी बोलत नाही त्याने नवा क्लब शोधावा.

आता ती पोरं कोण होती हे तेव्हा कुठे ठाऊक. घरी जुनी सामनापत्रिका सापडली, तीत 'हुमेल्स' हे नाव आहे. आम्ही तिच्यावर वाणसामानाची यादी केलेली. दही, मैदा, कोथिंबीर.

मोरपीस

ईझारकाठची, ती यादी फ्रेम करा ताई. :)

आकडेबहाद्दर

शंकासूर, 'ओळखपाळख' म्हणून सोडून देऊ नका. बाजारात तिची किंमत ठरते.

उदाहरण पेटर हरमान. हाही गेरलांडच्याच पिढीतला, जन्म १९५२, लेव्हरकुझेनचा खेळाडू, मग तिथेच वर्षानुवर्षं साहाय्यक. मुख्य प्रशिक्षक बदलत गेले, हा बदलला नाही. २००० मध्ये लेव्हरकुझेनला विजेतेपदासाठी शेवटच्या दिवशी उंटरहाखिंगकडे एक गुण हवा होता, ०-२ हरले, त्यातला एक गोल त्यांच्याच बालाकने स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. २००२ मध्ये तर लीग, चषक, चॅम्पियन्स लीग, तिन्हीकडे दुसरे. हरमान या सगळ्याला बाकावर साक्षी. २०११ मध्ये हाइन्केसने त्याला बायर्नला नेलं, तिथे गेरलांड होताच. आणि २०१३ मध्ये या दोघांना शेजारी बसवून हाइन्केसने तिन्ही जिंकले. वेम्बलीवर डॉर्टमुंडविरुद्ध २-१, रॉबेनचा ८९ व्या मिनिटाचा गोल.

आता पुढचं. सप्टेंबर २०१७ मध्ये पॅरिसकडून ०-३ हरल्यावर बायर्नने आन्चेलोत्तीला काढलं. निवृत्त झालेल्या, ७२ वर्षांच्या हाइन्केसला परत बोलावलं. त्याने अट घातली : हरमान आणि गेरलांड दोघंही हवेत. गेरलांड तेव्हा नव्याने उघडलेल्या बायर्नच्या युवा कॅम्पसवर जबाबदारी घेऊन गेला होता, त्याला परत मैदानावर आणला. हरमान दुसऱ्या श्रेणीत फोर्टुना ड्युसलडोर्फकडे करारात अडकलेला. त्याला सोडवायला बायर्नने साडेसतरा लाख युरोंपर्यंत रक्कम मोजली, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. साहाय्यकासाठी! एवढ्या पैशात दुसऱ्या श्रेणीत बरा खेळाडू येतो.

हाइन्केससारखा माणूस, ज्याला कुणाचीही शिफारस लागत नाही, तो 'ओळखपाळख' विकत घ्यायला एवढा हट्ट करेल का?

जुना_गोलकीपर

एक वेगळाच मुद्दा. धागाकर्त्याने म्हटलंय की साहाय्यक ही धर्मशाळा नाही. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा इतिहास मात्र नेमका उलट आहे.

झेप हेरबर्गर हा ओटो नेर्त्सचा साहाय्यक होता, मग मुख्य झाला आणि १९५४ चा विश्वचषक जिंकला. हेल्मुट श्यॉन हा हेरबर्गरचा साहाय्यक, तो १९६४ मध्ये मुख्य झाला आणि १९७४ चा विश्वचषक जिंकला. युप डेरवाल हा श्यॉनचा साहाय्यक, त्याने १९८० चा युरो जिंकला. ल्यॉव हा क्लिन्समनचा साहाय्यक, २००६ मध्ये मुख्य, २०१४ चा विश्वचषक. त्या वेळी ल्यॉवचा साहाय्यक कोण, तर हान्सी फ्लिक, जो पुढे स्वतः मुख्य झाला. म्हणजे जर्मनीच्या चार विश्वचषकांपैकी तीन माजी साहाय्यकांनी आणलेत. अपवाद १९९० चा बेकेनबाउअर. त्याच्याकडे तर प्रशिक्षकाचा परवानाही नव्हता, म्हणून पदाचं नावच बदलून 'संघप्रमुख' केलं होतं. 'सम्राट' म्हणतात त्याला, आणि सम्राटाला सगळं माफ.

तेव्हा जर्मनीत साहाय्यकपद हे युवराजपद आहे. गेरलांड अपवाद आहे, नियम नाही.

बारावा_गडी

जुना_गोलकीपर, दंडवत. ही साखळी अशी सलग कधी डोळ्यासमोर आली नव्हती. 'धर्मशाळा नाही' हे मी सरसकट लिहिलं ते चूक. काहींसाठी ती वाट आहे, काहींसाठी मुक्काम, असं म्हणतो.

फ्लिकचं नाव निघालंच आहे तर : नोव्हेंबर २०१९ मध्ये बायर्न फ्रांकफुर्टकडून १-५ हरला, मुख्य प्रशिक्षक कोव्हाच गेला, फ्लिक साहाय्यकाचा मुख्य झाला. आणि गेरलांड त्याच्या शेजारी जाऊन बसला. वय ६५. फ्लिक त्याच्याहून दहाएक वर्षांनी धाकटा. ऑगस्ट २०२० मध्ये लिस्बनला रिकाम्या मैदानावर पॅरिसला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. गोल कोमानचा, ५९ व्या मिनिटाला. मला यातली कुरबुर नसणं आवडतं. ज्याने व्हान गाल आणि ग्वार्डिओलाबरोबर काम केलंय तो आपल्याहून लहान आणि पहिल्यांदाच बायर्न सांभाळणाऱ्या माणसाच्या हाताखाली जातो. आपल्याकडे सेवाज्येष्ठतेवरून कोर्टात जातात हो!

शंकासूर

बरं, हाइन्केसचा हट्ट आणि २०१७, हे मान्य. पण बीलेफेल्डवर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, नोंद असावी.

फातोर्डेकर

गोव्यातून लिहितोय. शंकासूर, मी उत्तर देऊन बघतो. मी इथे मुलांचा संघ सांभाळतो, दोन मोसम मुख्य होतो, आता साहाय्यक आहे. स्वतः मागून घेतलं.

मुख्य प्रशिक्षकाला आठवड्यातून एकदा अकरा नावं लिहावी लागतात. म्हणजे उरलेल्या दहा-बारा जणांना 'तू नाही' सांगावं लागतं. मंगळवारी ज्या पोराबरोबर तासभर हेडर घोटला त्यालाच शनिवारी बसवायचं. मला ते सोसवायचं नाही, मग मी चुकीची नावं लिहायचो. ज्याने मेहनत केली त्याला खेळवायचो, जो सामना जिंकून देईल त्याला नाही. साहाय्यक झाल्यावर ते ओझं गेलं. आता मेहनत करणाऱ्यावर जीव लावायला मी मोकळा, निवड दुसरा करतो. गेरलांडचं तसंच असेल असं म्हणत नाही. पण हरलेला मुख्य आणि चांगला साहाय्यक एकाच माणसात का असू शकतात, याचं हे एक कारण.

अवांतर : २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात जर्मनीचे सामने आमच्या फातोर्ड्याला होते. कोस्टारिकाला कसंबसं २-१ हरवलं आणि नंतर इराणने त्यांना ४-० असं लोळवलं. जर्मन यंत्रणेवर फार भाळू नका.

रंकाळ्याकाठी

फातोर्डेकर, काळजाला हात घातलासा. आमच्या तालमीत एक दादा असेच आहेत. संघ निवडायला बसत नाहीत, पण सकाळी सहाला शाहू स्टेडियमवर पहिलं तेच.

आणि ते महाराष्ट्र शासनाने बायर्नशी करार करून शाळकरी पोरांची स्पर्धा घेतली, निवडलेली पोरं म्युनिकला फिरून आली, ते विसरू नका. गेलेल्यांपैकी कुणी हितं असेल तर लिवा, तिथं कॅम्पसवर असा कोण ओरडणारा म्हातारा दिसला काय?

ईझारकाठची

२०२१ नंतर तो बायर्नमध्ये नाही, त्यामुळे दिसणं अवघड. घोड्यांचा नाद आहे त्याला, घोड्यांची पैदास करतो. इथल्या वर्तमानपत्रात त्याच्यावर काही आलं की त्यात घोडा असतोच.

डोंबिवली_फास्ट

सगळा धागा वाचला. आता माझी एक भर, तीही फोटोसकट.

१० जानेवारी २०१२, दिल्ली, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. बायचुंग भुतियाचा निरोपाचा सामना, भारत विरुद्ध बायर्न म्युनिक. बायर्नवाले कतारमधल्या हिवाळी सरावाहून आले होते. आम्ही चौघं मित्र कल्याणहून रेल्वेने गेलो होतो, कडाक्याची थंडी, अंगात लोकलचं जॅकेट. ०-४ हरलो. पहिल्या अर्ध्या तासातच निकाल कळला होता, नंतर आम्ही फक्त भुतियासाठी ओरडत होतो.

तेव्हा बायर्नचा मुख्य हाइन्केस, म्हणजे साहाय्यक गेरलांड आणि हरमान. काल रात्री जुनी हार्डडिस्क काढून बघितली. बाकाचे तीन फोटो आहेत. पहिल्यात हाइन्केस स्पष्ट. दुसऱ्यात माझ्या मित्राचा हात. तिसऱ्यात हाइन्केसच्या शेजारी लाल जॅकेटातला एक माणूस, तोंड मैदानाकडे वळलेलं, अर्ध्यावर जाहिरातीचा फलक आलाय. जोडतोय. जाणकारांनी सांगावं, गेरलांड का?

आकडेबहाद्दर

हरमान असावा. खांदे उतरते वाटतात.

ईझारकाठची

मला गेरलांड वाटतोय. हात बघा, काहीतरी बोलतोय.

शंकासूर

संघाचा डॉक्टर असेल.

डोंबिवली_फास्ट

शंकासूर, थांबा, मित्राकडे व्हिडिओ आहे म्हणतोय. रविवारी ठाण्याला जाऊन आणतो.